कल्याण मंडपाची हिरवळ

आज माझ्याकडे चार बागांचं काम आणि अकरा माणसं आहेत, ती तंजावरजवळच्या ओरत्तनाडूकडच्या एका अक्कामुळे. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, गड्यानं एकट्यानं धंदा उभा केला.

मी माणदेशातला. नववीतच शाळा सुटली. एका ठेकेदाराबरोबर हॉटेलच्या बागेच्या कामाला तंजावरला आलो. काम संपल्यावर ठेकेदार परत गेला, मी राहिलो. गावी जाऊन काय सांगणार होतो? लॉन घालणं तेवढं येत होतं, आणि तेवढ्यावर पोट भरेल का याची धास्ती रोजची.

अक्का भातलावणीची टोळी चालवायची, सहा बायकांची. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हटलं, गवत लावायचंय. ती पदर तोंडाला लावून हसली. "गवत? जन्मभर उपटत आलो की रे आम्ही!" तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी हजर.

पहिलं मोठं काम मिळालं ते तिरुवैयारुच्या रस्त्यावर, एका कल्याण मंडपाचं. कल्याण मंडप म्हणजे लग्नाचा हॉल. मालक तंजावरचेच मराठी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली मराठी, जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोललेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला भरूनच आलं. इतक्या लांब कुणीतरी आपल्या भाषेत "जेवलात का?" विचारतंय! काम मिळालं ते लॉन बघून नाही, भाषेमुळे मिळालं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त भीती.

मी जमीन अशी सपाट केली की काय सांगू. पाण्याची नळी धरून चारही कोपरे तपासले, बोटभर फरक नाही. दसरा झालेला. आमच्याकडे दसऱ्याला पाऊस सरतो, आणि पडलाच तरी आमची मुरमाड जमीन घटाघटा पिऊन टाकते. इथली काळी चिकण माती वेगळी आणि इथला खरा पाऊस दसऱ्यानंतरचा, हे ऐकून होतो. पण ऐकलेलं हातात उतरलं नव्हतं.

अक्का कडेला उभी राहून बघत होती. धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, "तंबी, भात लावायचाय का इथं?"

"म्हणजे?"

"अशी सपाट जमीन आम्ही भाताला करतो. पाणी उभं राहावं म्हणून. ऐप्पसी महिना लागतोय, आमच्या पावसाचा. गवताला उतार दे."

मला राग आला. चार माणसांसमोर शिकवते म्हणून. "लॉनमधलं मला कळतं, अक्का," म्हणालो. तिनं खांदे उडवले आणि गवत लावायला बसली.

पंधराव्या दिवशी पाऊस आला. तीन तास पडला. सकाळी बघतो तर हिरवळीवर घोटाभर पाणी, आणि त्यात पाच बगळे, आपलंच शेत असल्यासारखे. पहिलं लग्न चार दिवसांवर. मालक गाडीतून उतरले.

"काय हो, लॉन मागितलं होतं मी. तळं कोण मागितलं?"

काम हातचं जातंय असं दिसलं. आणि मी मराठीत बोलून गेलो, "बायकांनी घोळ केला. मी म्हणत होतो उतार ठेवा. या अक्कानं ऐकलंच नाही."

अक्का दोन हातांवर घमेलं घेऊन उभी होती. मला वाटलं, मराठी आहे, तिला काय कळतंय.

मालक म्हणाले, "लग्नाआधी हे निस्तरा. पुढची देखभालही तुम्हालाच देतो. पण मग ती बाई इथं पुन्हा दिसायला नको."

मी "बरं" म्हणालो.

पुढचे तीन दिवस टोळीला दुसरीकडे लावणीचं बोलावणं होतं. गेल्या नाहीत. अक्कानं गवताचे तुकडे अलगद उचलून सावलीत रचायला लावले, मधोमध वाळूमाती चढवली. "कासवाची पाठ बघितलीस का? तशी कर." कडेनं चर खणून खडी भरली, चराचं तोंड रस्त्याच्या गटाराकडे काढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला आणि पाणी निमूट वाहून गेलं. मी वेड्यासारखा हसत होतो.

अक्का नळावर पाय धूत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या लग्नाआधी आठ वर्षं राजवाड्याजवळच्या मराठी घरात भांडी घासलीत मी. बोलता येत नाही फारसं. कळतं सगळं."

कसंबसं विचारलं, "मग थांबलीस कशाला?"

"अर्धं टाकून गेले असते तर तू म्हणालास तेच खरं ठरलं असतं." पाय पुसले, चप्पल घातली. "उद्या कुठलं काम?"

त्या लग्नाला आलेल्या एका डॉक्टरांनी पापनाशमच्या दवाखान्याची बाग दिली. मग दोन बंगले. माणसं वाढली. नवीन माणूस आला की त्याला अक्का शिकवते, आणि जमिनीला हात लावण्याआधी मी तिलाच विचारतो, उतार कुठे. मंडपाचं काम मात्र दुसरी टोळी करते. कधी त्या रस्त्यानं टेंपो जाणार असला तर अक्का अलीकडच्या चहाच्या टपरीवर उतरते. "तुम्ही या जाऊन. मी बसते," म्हणते. कपाळावर आठी नाही. त्यानं मला जास्तच लागतं.

मालक भेटले की माझं कौतुक करतात. दरवेळी वाटतं, आता बोलावं. काम गेलं तर, अकरा घरं बसली तर, असं मनात येतं आणि मी चहाचा कप खाली ठेवून निघतो. खोटं कशाला सांगू, अकरा घरांपेक्षा माझं मलाच जास्त भेव.

हे लिहून काही फिटत नाही. मालकांना देवनागरी वाचता येत नाही, अक्काला कुठलंच. तोंडानंच सांगावं लागणार, त्याच मराठीत, आणि अक्का शेजारी उभी असताना. सांगेन. काम राहो की जाओ, तिला एक दिवस त्या मंडपाच्या पुढच्या फाटकातून आत नेईन आणि म्हणेन, ही हिरवळ हिची आहे, घोळ माझा होता.