दोन वाटांची डिस्क

आमच्या साखर कारखान्यात एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत. त्यामुळे आलेला माणूस टेकायचा, आणि माणूस टेकला की किस्से साचतात. आमच्याकडचे जरा विचित्रच साचले.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास नवा युनिक्स सर्व्हर आला. डिस्कचं कपाट वेगळं, मधे दोन केबली, म्हणजे डिस्कपर्यंत दोन वाटा. एक तुटली तर दुसरीवरून काम चालू. पण मशीनला हे नीट समजावलं नाही, तर एकच डिस्क त्याला दोन नावांनी दिसायची. आमचे एक संचालक स्क्रीन बघून म्हणाले, "दोन आहेत ना? मग एक शेतकी विभागाला द्या!"

सिस्टीम बघणारे गायकवाडसाहेब मूळचे जामखेडचे; मी त्यांच्या हाताखाली होते. ते शांतपणे म्हणाले, "घराला दोन दारं असली म्हून घरं दोन होत न्हाईत."

*

डिस्क एक की दोन, याची त्यांची परीक्षा ठरलेली. एका नावाने उघडून लिहायचं, दुसऱ्या नावाने उघडून वाचायचं. लिहायचे ते लेकीचं नाव, सुमन. जिथे आपण काही लिहिलंच नाही तिथे "सुमन" उमटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. साहेब म्हणायचे, "इकडं ठिवलं की तिकडं असतंच."

*

एकदा उंदराने कुरतडलेली केबल मी काढली. स्क्रीनवर तरीही दोन्ही वाटा चालू.

"साहेब, केबल तर माझ्या हातात आहे."

त्यांनी मानही वर केली नाही. "मग संभाळून धर. चालू हाय ती."

मी ती अलगद टेबलावर ठेवली. त्या दिवशी त्या टेबलावर कोणी डबा उघडला नाही.

*

आणि हा एक. ऐन गाळपात सर्व्हर बंद पडला. वजनकाट्यापासून रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्या. त्याच सकाळी जामखेडहून निरोप आला, सुमन बाळंतपणात अडली आहे, लगेच या. पण साहेबांना कोण सोडणार? ते कपाटासमोर फरशीवर बसून केबली लावत होते. मला फार वाईट वाटलं.

खोलीबाहेरचा फोन वाजला. मी उचलला.

"मी बोलतोय गं." आवाज साहेबांचा. मागे तान्हं बाळ रडत होतं. "सुमन सुखरूप हाय. नात झाली. मांडीवर घेतलीय मी."

काचेतून साहेब दिसत होते. तिथेच, पाठमोरे बसलेले.

फोन ठेवून मी आत गेले. त्यांनी पक्कड खाली ठेवली होती. बाळ धरावं तसे दोन्ही हात मांडीवर, रिकामे.

"लई हलकी हाय गं," ते म्हणाले.