दुधनेची हजेरी

नदीकाठी शाळा असली की किस्से गाळासारखे साठतात. एक पूर ओसरला की नवा थर. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या माझ्या वह्यांत ते सगळे तारीखवार आहेत. त्यातले हे काही.

*

दर पाडव्याला मी शाळेच्या लिंबापासून दुधनेच्या काठापर्यंत पावलं मोजून वहीत लिहायचो. पहिल्या वर्षी चाळीस भरली, चौथ्या वर्षी साठ! गाव म्हणायचं, "गुरुजी नदीची हजेरी घ्यायलेत."

पोरं खूश होती, हुतूतूचं मैदान वाढत होतं. नदी आपल्याला जागा का देते, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

*

नदी वळते कशी, हे तिसरीच्या वर्गाला दाखवायला वाळूच्या ढिगावर पट्टी ठेवून सरळ चर पाडला आणि वरून तांब्याने पाणी सोडलं. वाटेत एक खडा होता. पाणी त्याला अडून पलीकडच्या काठावर गेलं, तिथे खोबण पाडली, तिथून उलटं या काठावर आलं. चार तांब्यांत सरळ चर वाकडातिकडा झाला.

सुशीला म्हणाली, "गुरुजी, पाण्याला पट्टी कळत न्हाई."

*

वळणाचा बाहेरचा काठच का खचतो, हे काही पोरांना पटेना. मग दहा जणांची हात धरून रांग केली आणि कवायतीसारखी वळवली. आतला पोरगा जागच्या जागी फिरला. बाहेरच्या टोकाच्या पोराला जीव खाऊन पळावं लागलं. म्हटलं, बाहेरचं पाणी असंच पळतं, म्हणून काठ पोखरतं. आतलं रेंगाळतं, म्हणून गाळ टाकतं.

टोकाचा पोरगा धापा टाकत म्हणाला, "उद्या मी आतलं पाणी होणार."

*

सुशीलेची आजी गयाबाई. तिचं दीड एकर रान शाळेच्याच काठाला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, नेमकं बाहेरच्या वळणावर. दर पुरात थोडं थोडं नदीत जायचं. लेक-सून ऊसतोडीला गेले की आजी-नातीचं पोट त्याच रानावर. समोरच्या काठाला, नामदेवरावांच्या गाळात मात्र टरबुजं पिकायची.

सुशीलेने घरी धडा सांगितला. दुसऱ्या दिवशी गयाबाई गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि दोन टरबुजं घेऊन आली. नामदेवराव भांडायला आले, तर म्हणते, "माती माझी हाय, मंग टरबूज कुणाचं?"

*

पंच पारावर बसले. मला वहीसकट बोलावणं आलं.

खरं सांगणं भाग होतं. मी वर्गात एवढं खोलात गेलो नव्हतो: खचलेली माती बहुतेक समोर जातच नाही. ती खाली वाहते आणि त्याच काठाच्या पुढच्या, आतल्या वळणावर बसते. म्हणजे नामदेवरावांचा गाळ त्यांच्याच काठाच्या वरच्या रानातला. आणि वरचं रान सरपंचांचं.

सरपंच सावरून बसले. "मंग टरबुजं माझी?"

नामदेवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पार हसायला लागला. गयाबाई हसली नाही.

"मंग माझी कुठं गेली, गुरुजी?"

मी वही उघडली आणि लिंबापासूनची पावलं वाचून दाखवली. चाळीस. शेहेचाळीस. त्रेपन्न. साठ.

*

सकाळी शाळा भरवायला गेलो, तर लिंबापलीकडे गयाबाई कुदळीने आळी करत होती. अर्धी शाळा तांब्याने पाणी आणत होती, सुशीला भोपळ्याचं बी टाकत होती.

"हुतूतूपुरतं सोडलं हाय, गुरुजी," गयाबाई कुदळ न थांबवता म्हणाली. "बाकीचं माझं."