डाव्या बाजूची खडखड

परवा नातवाने अंगणात मोटारसायकल खोलली. जळक्या तेलाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा भणाणलं.

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. परभणीच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. दादाच्या गाडीवर मी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची, त्यामुळे इंजिनच्या डाव्या झाकणातली खडखड मला तळपायाला जाणवायची. बॅटरी तर सारखी उतरायची. ताडकळसच्या मिस्त्रीला मी म्हणाले, "आवाज डावीकडून येतोय, झाकण उघडून बघा."

"ताई, बॅटरीच खराब हाय. तुमाला काय कळतंय त्यातलं?" तो हसला. दादाही हसला. नवी बॅटरी बसली.

मुलाखतीच्या सकाळी गाडी भर माळावर बंद पडली. दादाने चिडून झाकण उघडलं. आतली चेन झिजून लोंबत होती आणि तिने घासून घासून बॅटरीला करंट पुरवणारी वायरच तोडली होती.

"मी काय सांगत होते?" मी ओरडले.

मालट्रकमधून शाळेत पोचले, तोवर मुलाखती आटोपल्या होत्या.

पुढे दुसरीकडे नोकरी लागली, मिस्त्रीवरचा राग कधीच ओसरला. पण मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी दादा वडिलांना सांगत होता, "खडखड मला लय दिसांपासून ऐकू यायलती, मिस्त्री ऐकेचना." दादावरचा तो राग अजून तसाच आहे.

वडिलांनी कौतुकाने मान हलवली. मी पाण्याचा तांब्या दादासमोर आपटला.

"तांब्या नीट ठेव," वडील म्हणाले.