राखणदाराच्या दगडापुढची माती

मालवणपासून फोंडाघाटापर्यंत बागेच्या मातीतली बुरशी डोक्यागणिक मोजणारे गृहस्थ एकच आहेत आणि ते माझ्या बायकोचे थोरले भाऊ आहेत, ही गोष्ट मी कुठल्याही लग्नाच्या पंगतीत, कोणी विचारलं नसलं तरी, सांगतो. आम्ही त्यांना दादा म्हणतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांनी जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळाच स्वयंपाकघरात आणली. त्यांच्याकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या की पाहुणे हात धुऊन बसतात आणि कुकरमधून निघतात काचेच्या बशा. बटाट्याचं पाणी, साखर आणि चायनाग्रास त्या बशांत थिजवायचं, मोजून एक ग्रॅम माती पाण्यात दहा-दहा पट पातळ करत न्यायची, तिचा थेंब बशीत पसरायचा आणि चार दिवसांनी उगवलेले ठिपके मोजायचे. त्यावरून मूळ मातीत बुरशी किती, हा गुणाकार ते तोंडी करतात. मी हिशेबी माणूस. कागदावर करून पाहिला, कधी चुकला नाही. मातीचा चमचा कायम दादांच्या खिशात. भाच्यासाठी पिंगुळीला मुलगी बघायला गेलो, तर यजमानांच्या आंब्याखाली वाकलेले दादा चहा निवला तरी उठले नाहीत. "चेडू बरा आसा," म्हणाले, "माती बघूक व्हयी."

तीन वर्षांपूर्वी मी वडिलांनी लावलेलं पायरीचं झाड तोडायला निघालो होतो. शंभर आंबे उतरवले की चाळीस देठाकडून काळे पडून कुजत. वहीत तशी नोंदच होती. कुऱ्हाडवाला दारात आला, तेव्हा दादा म्हणाले, "भावजी, झाडाक फाशी देवच्या आधी मातयेची साक्ष तरी काढा."

बागेत पाच जागची माती काढली. चार बशांत तुरळक ठिपके, पाचवी काळीकुट्ट. ती झाडाखालच्या राखणदाराच्या, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढची. आमच्या घरची रीत अशी, की उतरवलेले आंबे आधी त्या दगडापुढे मातीवर ठेवायचे, नमस्कार करायचा, पाच तिथेच सोडायचे आणि बाकीचे घरी आणायचे. सोडलेले तिथे कुजत आणि पुढचे आंबे त्याच मातीत टेकत. म्हणजे बुरशी आम्हीच वर्षानुवर्षं नमस्कार करून घरी आणत होतो.

राखणदाराची रीत मोडायची कशी? दादांनी नारळ घेतला आणि आकड्यांसकट गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या दगडाफुडल्या मातयेत बाकीच्या बागेच्या सातपट बुरशी झाली हा. आजपासून तुझे पाच आंबे केळीच्या पानार ठेवतलंव, सांजेक उचलतलंव, आणि आमचे आंबे मातयेक टेकवचंव नाय. मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. कुऱ्हाडवालाही ओरडला आणि चहा पिऊन परत गेला. पुढच्या हंगामात शंभरात नऊ कुजले.

यंदा दादांच्या डोळ्यांना ठिपके दिसत नाहीत. बशी उजेडाला धरून मी मोजतो, ते शेजारी डोळे मिटून ऐकतात. परवा दगडापुढच्या मातीची बशी आली.

"चार," मी म्हणालो.

"परत मोजा."

कडेला एक बारीक ठिपका होता. खरं सांगायचं तर तो मी मघाशीच पाहिला होता.

"पाच."

"आपल्या झाडाक सवलत देव नकात, भावजी," दादा म्हणाले आणि त्यांनी खिशातला चमचा काढून, चाचपडत, माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला.