समोरची काच

कांचघर भागातल्या एका दुकानात प्लास्टिक कापल्याचा जळका वास आला आणि मे महिन्यातली ती दुपार आठवली. शर्यतीसाठी जुनी फियाट हलकी करायची म्हणून बाबांनी दारांच्या आणि मागच्या काचा काढून तिथे प्लास्टिक बसवलं होतं. त्या दुपारी चावी आत राहिली, सगळी दारं बंद, आणि आत माझी धाकटी बहीण. बाबा खिडकीवर वीट हाणत होते आणि वीट उसळून परत येत होती. बहीण आधी खेळ समजून हसली, मग हसेनाशी झाली. "फुटून काहून नाही राहिली," म्हणताना बाबांचा आवाज फाटला. आई म्हणाली, "अहो, समोरची फोडा, ती काचेचीच आहे ना." जिला ते कोणाला हात लावू देत नसत, ती त्यांनी फोडली आणि बहिणीला बाहेर ओढलं. अजूनही कुठे काच फुटली की मला हायसं वाटतं.