नितळ नाला

कामठ्याची सुशिलाबाई कापड रंगवणाऱ्या चंद्रकुमारला पाण्यात पाहायची. त्याचं सांडपाणी नाल्यात यायचं. नाला लाल दिसला की ती धानाच्या बांधीचं, म्हणजे खाचराचं, पाणी आत घ्यायचं तोंड बुजवायची आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

तिच्या भाचीने, कॉलेजातल्या टीनाने, पळसाच्या पानांचा रस वापरून चांदीच्या क्षारातून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवले. त्यांनी सांडपाण्याचा रंग घालवला. तिने नितळ बाटली मामीपुढे धरली.

"पिऊन दाखव," सुशिलाबाई म्हणाली.

"पिता नाही येत, मामी. फक्त रंग गेला. विष गेलं का, ते तपासायचं आहे."

"अन् हे चंद्रकुमारले देल्लं?"

"कालपासून वापरून राहिला तो."

सुशिलाबाईने बांधीकडे पाहिलं. नाला नितळ दिसला म्हणून तिने सकाळीच तोंड उघडलं होतं.

"जा," ती म्हणाली, "त्याचा रंग त्याले वापस दे."