निवडून आणलेली पानं

बटाट्याच्या पानांत विषाणू आहे की नाही, हे तपासणं माझं काम. पानं चुरडून रस काढायचा, तो बारीक खळग्यांच्या ताटलीत घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचं द्रावण टाकून वाट बघायची. खळगा पिवळा झाला तर विषाणू आहे. अशा झाडाचे बटाटे बियाणं म्हणून लावायचे नसतात, कारण बटाट्यातून रोग पुढच्या पिकात उतरतो.

पाटोद्याकडचं एक जोडपं जानेवारीत पानं घेऊन आलं. बाईंनी स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला. ओल्या फडक्यात पानं नीट गुंडाळलेली. एकसारखी, हिरवीगार, धुतलेली.

"दिसभर निवडत बसली व्हती," नवरा म्हणाला. "त्याल लावून चकाकवायचीच ऱ्हायली."

"मंग? साहेबाकडं आणायची म्हणल्यावर कशीबी आणायची का?" बाई म्हणाल्या.

मी हसलो. माझी चूक तिथे झाली. ओळीतून चालत, काही पावलांवर एक याप्रमाणे, समोर येईल ते पान तोडायचं असतं. वळलेलं, पिवळं पडलेलंही. बाईंनी नेमकी तीच पानं गाळली होती. पाहुण्याला चांगलं तेवढंच वाढायचं, तशी पानं आणली होती. मला हे डबा उघडताच कळलं. पण टेबलावर नमुन्यांचा ढीग होता आणि त्यांना परत पाठवलं तर पुन्हा एक दिवस जाणार होता. त्यांचाही आणि माझाही. मी काहीच विचारलं नाही. ताटलीत एकही खळगा पिवळा झाला नाही. 'विषाणू आढळला नाही' असं लिहून मी सही केली.

दोन दिवसांनी दोघं कागद न्यायला आले. जाताना बाई म्हणाल्या, "आता ह्येच बियाणं ठिवतो. दिवाळीनंतर कोयता घ्यायचा न्हाई, औंदा जसं घरी ऱ्हायलो तसंच ऱ्हायचं."

ऊसतोडीला जायचं की गावात राहायचं, हे त्यांनी माझ्या कागदावर ठरवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात दोघं पुन्हा आले. या वेळी डबा नव्हता, खताच्या रिकाम्या पिशवीत मुळासकट उपटलेली झाडं होती. पानं कडक होऊन वर वळलेली, खाली सुपारीएवढे बटाटे.

"कावून झालं असं, साहेब? तुमी तर चांगलं हाय म्हणला व्हता," बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ताटली पिवळी झाली. फोनवर सांगता आलं असतं. मी मोटारसायकल काढून त्यांच्या शेतावर गेलो. रोग पसरवणारी मावा कीड वाढली, हवा बदलली, अशी कारणं रस्ताभर जुळवत होतो. बांधावर पोचल्यावर मात्र खरं तेच बोललो. "ताई, गेल्या साली तुम्ही चांगली पानं निवडून आणली होती. ते मला दिसलं होतं. तरी मी तपासली."

त्यांनी हातातलं खुरपं बांधावर ठेवलं.

"दिसलं व्हतं तर बोलायचं न्हाई का? आमाला काय म्हाईत? तुमी म्हणला असता तर रोगट पानं बी आणली असती, टोपलंभर."

"लई शिकलेलं मानूस," नवरा दुसरीकडे बघत म्हणाला, "आन् जिभंला कुलूप."

बाई मात्र पुढचं बोलत होत्या. गेल्या सालच्या बियाण्यातलं थोडं त्यांनी आष्टीकडच्या धाकट्या बहिणीला दिलं होतं आणि तीही पुढच्या साली तेच ठेवणार होती. "तिच्याकडं आधी जावा. आमचं काय, मुकादमाला फोन केलाय, परवा निघतो."

ती दोघं ऊसतोडीला गेली. मी आष्टीला गेलो. बहिणीचं पीक वरून बरं दिसत होतं. मी स्वतः ओळीत शिरून पानं तोडली, चांगली-वाईट सगळी. ताटली याही वेळी पिवळी झाली. तीन दिवसांनी पुन्हा जाऊन सांगितलं की हे बटाटे खायला वापरा, विका, पण लावू नका.

"पर अक्काकडं तुमचाच कागद हाय की, चांगलं हाय म्हणून," ती म्हणाली. तिचे सासरे, दीर, दोन शेजारी, सगळे माझ्याकडे बघत होते.

"तो कागद चुकीचा आहे," मी म्हणालो. "चूक माझी होती." आणि कशी झाली, ते त्या सगळ्यांपुढे पहिल्यापासून सांगितलं.